शेवट नसलेली कॅसेट

मिस्टर हॉलिस मायदेशी गेला तेव्हा
बॅरेक नऊच्या वाट्याला तीन वस्तू आल्या :
एक टेबलफॅन, मार्मालेडची अर्धी बरणी
आणि ती कॅसेट.

रुवैस. ब्याऐंशीचा जुलै.
एसी दर वीस मिनिटांनी खोकायचा.
आम्ही अकरा जण, व्हीसीआर वर्गणीचा,
त्यातले जनू घवाळीकडून चाळीस दिरहॅम
अजून यायचे होते.

चित्र जुनं. विलायती गाव, धुकं,
काळ्या घोड्यांची बग्गी, कल्लेवाला डॉक्टर,
रक्त असं, की कुणी पिंजर कालवलीय.
इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं.
लियाकत परकार सांगेल तो अर्थ.

"हा जमीनदार. ह्याची चुन्याची भट्टी.
भट्टीवर माणूस टिकत नाही,
म्हणून हा रात्री घंटा वाजवतो
नि मेलेले उठवतो."

मग ते उठले.
माती भुसभुशीत झाली, एक हात वर आला,
मनगटाशी मेकअप संपलेला स्पष्ट दिसत होता.
आम्ही हसलो. कुंजुमोन सगळ्यांत मोठ्याने,
आणि हसून झाल्यावर म्हणाला, दिवा असू दे.

जनू हसला नाही.
हे भूत नव्हेच, म्हणाला. पाय बघा.
आमच्या वेळणेश्वराकडे भुताचे पाय उलटे.
ह्यांचे सरळ. वर बुटाच्या नाड्या बांधलेल्या.
"मेल्यावर नाडी कोण बांधतं?"

दाराशी आमचे बावीस बूट होते,
सिमेंटने पांढरे,
नाड्या न सोडताच ओढून काढलेले.

पडद्यावर ते रांगेने चुना वाहत होते.
घाम नाही. बोलणं नाही.
मुकादम चाबूक ओढायचा,
पण मेलेल्याला लागत नाही,
त्यामुळे तोच बिचारा कंटाळलेला वाटत होता.
"रजा?" कुणीतरी विचारलं.
"मेल्याला कसली रजा."
"ओव्हरटाइम?"
लियाकतने पॉज केलं.
एका मेलेल्याचा चेहरा थरथरत राहिला,
लांब कुठेतरी बघणारा,
बँकेत ड्राफ्टच्या रांगेत बघतात तसा.

घंटेकडे जाणारा एक हात. मग मुंग्याच मुंग्या.
मशीनने फीत खाल्ली.
पेन्सिल घालून ओढली तर
सुरकुतून आली, म्हातारीच्या कातडीसारखी.

तेव्हापासून शेवट आम्ही लावायचो.
कुंजुमोन भट्टी पेटवून सगळ्यांना मोकळं करायचा.
लियाकत जमीनदाराला मारायचा,
पण घंटा जावयाकडे जायची.
जनूचा शेवट लांबलचक.
कुणीतरी घंटेची जीभच काढून नेतो.
मेलेले थांबतात, अंगावरचा चुना झटकतात
आणि आपापल्या घरी जातात.
दार वाजतं. बायको कंदील वर धरते,
बघते, ओळखते, घाबरत नाही.
आधी त्याच्या मागे बघते,
ट्रंक कुठाय.

त्या रात्री आम्ही इतके हसलो
की बॅरेक आठवाल्यांनी भिंत ठोकली.

पावणेचारला भोंगा झाला.
अंधारात अकरा जणांनी पाय बुटांत कोंबले.
बस उभी होती, काचा बाहेरून घामेजलेल्या.
जनू माझ्या पुढे.
मी बॅटरी खाली धरली, उगाचच,
वाळूतले त्याचे ठसे बघायला.
सरळ होते.
बसकडे.

आणि उलट्या पायांचं मला तेव्हा कळलं :
भूत कुठेही निघालं तरी
पावलं घराकडेच उमटतात.

हे जनूला सांगावं म्हणून शेजारी बसलो.
तो खाली वाकला होता.
माझी सुटलेली नाडी बांधत होता,
न विचारता,
दोन गाठी मारून.